देवघर इन्व्हर्टरवर नाही

संतांच्या काळात पांडुरंगाला कामं फार होती. गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून जे जातं दाखवतात, ते एकदा पाहिलं की पटतं. विटेवर उभं राहणं हे त्याचं कागदोपत्री काम, खरं काम घरोघरचं. जनीकडे दळण, केरवारा, गोवऱ्या वेचणं, आणि वेळ उरलाच तर तिची वेणीफणी. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या या नावानं राहून 12 वर्षं गोदावरीचं पाणी कावडीनं भरणं. कऱ्हाडच्या सखूला पंढरीला जायचंय पण सासू सोडत नाही, तर तिच्या जागी सून होऊन राहणं, म्हणजे सासूची बोलणीही ओघानं आलीच. सेना महाराज भजनात रंगले तर त्यांची धोकटी उचलून राजाची हजामत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली, तेव्हा बेदरच्या बादशहाकडे जाऊन पैसे भरणं आणि वर रीतसर पावती घेणं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तर 13 दिवसांनी त्या कोरड्याठाक परत करणं. एकट्या देवानं करायचं तरी काय काय!

आता हीच यादी हातात घेऊन माझ्या घरातून एक चक्कर मारा. दळणाला घरघंटी आहे. पाण्याला मोटर आहे, टाकी आहे आणि ओट्याशेजारी भिंतीवर प्युरिफायर आहे. हजामतीला ॲपवर बुकिंग केलं की धोकटीवाला दारात हजर होतो, खाली पसरायची चादरही घेऊन येतो. दामाजीपंतांचं काम फोन करतो, पावतीसकट. वह्या क्लाउडवर आहेत. बुडाल्याच तर 13 दिवस उपाशी बसावं लागत नाही, फक्त पासवर्ड आठवावा लागतो, आणि ज्याला तो आठवत नाही त्याला उपोषण सोपं वाटेल. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळेना म्हणून ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली, तिथे आता इंडक्शन आहे. सखूची सोय तेवढी अजून निघालेली नाही असं मी म्हणणार होते, पण परवा आमची लेक कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन क्लासला हजर होती आणि प्रत्यक्षात खाली बॅडमिंटन खेळत होती. तीही सोय झालेली आहे.

थोडक्यात, पांडुरंगाकडून आपण एकेक खातं काढून घेतलं. आज तो बिनखात्याचा मंत्री आहे. बंगला आहे, मान आहे, आषाढी-कार्तिकीला सरकारी महापूजा आहे, काम मात्र काही नाही.

गैरसमज नको. यंत्रांच्या नावानं बोटं मोडून पाटा-वरवंट्याचे गोडवे गाणारी मी नव्हे. ते गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी वाटलेली चटणी कुणी खाल्लेली नसते. जनाबाईला घरघंटी मिळाली असती तर तिनं घेतली असती, आणि पांडुरंगानंही हुश्श केलं असतं. शिवाय तो एका जनीकडे दळायला गेला, त्या पहाटे पंढरपुरातल्या बाकी बायका आपापलं जातं आपणच ओढत होत्या. त्यांच्यापर्यंत देव पोचला नव्हता, विजेवरची गिरणी पोचली. तेव्हा सोयीबद्दल माझी काही तक्रार नाही. कामं गेली यंत्रांकडे, उत्तम झालं. पण कामांबरोबर आपण श्रद्धाही तिकडेच वर्ग केली, नवस, सोवळं, उपास आणि पुजाऱ्याच्या दक्षिणेसकट, आणि याची नोंद कुठेच झालेली नाही.

आमच्या इन्व्हर्टरचंच घ्या. पुण्यात गुरुवार हा दत्तगुरूंचा वार, आणि महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीचाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच. पाणीकपात निघाली तर तीही बऱ्याचदा याच वारी येते. उपास करणाऱ्याला इतकी अनुकूल परिस्थिती दुसऱ्या कुठल्या शहरात मिळत नसेल. तर एका गुरुवारी घामाघूम होऊन आम्ही इन्व्हर्टर घ्यायचं ठरवलं. इलेक्ट्रिशियननं विचारलं, "साहेब, इन्व्हर्टरवर कुठले कुठले पॉइंट घ्यायचे?"

यावर घरात जी बैठक बसली ती मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाच्या तोडीची होती. बॅटरी 12 व्होल्टची, 150 ॲम्पिअर-अवरची. म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास, हातात पडतात त्याहून कमी. त्यात सगळं घर बसणार नव्हतं. एसी, गीझर, फ्रिज पहिल्याच फेरीत बाद. हॉलचा पंखा, दोन्ही बेडरूमचे पंखे, स्वयंपाकघराचा एक दिवा, टीव्ही, लेकीच्या टेबलावरचा दिवा. राउटरचं नाव तर चर्चेलाही आलं नाही, ते गृहीतच होतं. सासूबाई तेव्हा आळंदीला होत्या.

त्या परत आल्या त्याच संध्याकाळी, ऐन दिवेलागणीला वीज गेली. पंखे फिरत राहिले, टीव्ही क्षणभर डोळा मिटून पुन्हा बोलू लागला, सगळ्यांनी एकमेकांकडे कौतुकानं बघितलं. सासूबाई देवघरापाशी गेल्या. तिथे मिट्ट काळोख. देवघराचा दिवा इन्व्हर्टरवर घ्यायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शेजारच्या भिंतीवर मात्र चार हिरवे डोळे एका तालात लुकलुकत होते.

"हा कुठला देव बसवलाय रे?" त्यांनी लेकाला विचारलं.

"अगं आई, तो राउटर आहे. त्याच्यातून नेट येतं."

"मग निरांजन इथेच लावू का?"

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, देवघराचं वायरिंग वेगळ्या लाइनवर आहे, भिंत फोडावी लागेल. भिंत तशीच राहिली. सासूबाईंनी समई लावली, तिला कुठली लाइन लागत नाही.

पण खरी मौज इन्व्हर्टरच्या सेवेत आहे. 1859 मध्ये गास्ताँ प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसानं शिसं आणि गंधकाम्लाची ही पुन्हा चार्ज होणारी बॅटरी काढली, तेव्हा आपल्याकडे सत्तावनच्या बंडाचा धुरळा नुकता खाली बसत होता. तेव्हापासून तिचं एक सोवळं आहे. तिला नळाचं पाणी चालत नाही. बाटलीबंद पाणीही चालत नाही. गंगाजल तर मुळीच नाही, कारण त्यात क्षार असतात. तिला लागतं डिस्टिल्ड वॉटर. ठरावीक महिन्यांनी नवरा जुना शर्ट घालून, डोळ्याला गॉगल लावून, हातात नरसाळं घेऊन बाल्कनीत बसतो आणि सहा भोकांतून जपून अभिषेक करतो. पातळीची खूण वर येईपर्यंत कुणाशी बोलत नाही. "थेंब सांडला तर फरशीवर डाग पडतो," म्हणून आम्हाला लांब उभं राहायला सांगतो. हाच माणूस तुळशीला पाणी घाल म्हटलं की म्हणतो, "मोलकरीण घालेल ना."

प्युरिफायरची कथा याहून सुरस आहे. माझा नवरा कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना जायचा. डॉ. दाभोलकरांची भाषणं त्यानं प्रत्यक्ष ऐकलेली. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, रिकाम्या हातातून अंगारा कसा येतो, सगळं त्याला ठाऊक. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा यानं सोसायटीत पेढे वाटले होते. अशा या माणसासमोर एका रविवारी प्युरिफायरवाला तरुण येऊन बसला. पायातले बूट दाराबाहेर, शर्ट इस्त्रीचा, आवाजात करुणा.

त्यानं दोन पेले मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं शुद्ध पाणी. मग बॅगेतून एक यंत्र काढलं. त्याला खाली धातूच्या दोन-दोन दांड्या. त्या दोन्ही पेल्यांत बुडवून त्यानं बटण दाबलं आणि तो काहीच बोलला नाही. ते न बोलणं फार परिणामकारक होतं. मिनिटभरात आमचं पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग त्यावर हिरवट-काळा साका तरंगू लागला. त्याचं पाणी होतं तसं नितळ.

"सर, हे तुम्ही रोज पिता," तो हळू आवाजात म्हणाला.

नवऱ्याचा चेहरा बघवेना. एवढी वर्षं हे आपल्या पोटात जातंय, या विचारानं त्यानं नकळत हात जोडले होते. तेवढ्यात आमची लेक, अकरावी सायन्स, स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ घेऊन आली. ते तिनं शुद्ध पाण्यात टाकलं, ढवळलं आणि म्हणाली, "दादा, आता परत लावा ना."

तो म्हणाला, "मॅडम, मीठ घालायचं नसतं."

"लावा तर."

लावलं. शुद्ध पाणी बघता बघता तांबडं झालं. लेकीनं सांगितलं की हा गाळ पाण्यातला नाहीच, लोखंडाची दांडी झिजून आलेला गंज आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, दांडी विरघळते आणि रंग येतो. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यातून वीज धड जात नाही, म्हणून ते नितळ राहतं. एवढंच. मग त्या तरुणाच्याच मीटरवर आमच्या नळाचं पाणी मोजलं, तर विरघळलेले क्षार लिटरला 100 मिलिग्रॅमच्याही आत निघाले. भारतीय मानकांप्रमाणे 500 पर्यंत चालतात. आणि 500 च्या आत असतील तिथे आरओ प्युरिफायरची गरजच नाही, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये सांगून ठेवलंय.

एवढं झाल्यावर काय व्हावं? नवऱ्यानं प्युरिफायर घेतला.

"असू दे गं, मनाला बरं वाटतं," तो म्हणाला. चमत्कार डोळ्यांदेखत उघडा पडला तरी भक्त जागचा हलत नाही, हे मी अंनिसच्या माणसाला काय सांगणार? आता ते यंत्र एक घडा देतं आणि दोन-तीन घडे मोरीत सोडतं. सोडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली, आणि ती भरली की फरशी पुसायला नेणं माझ्याकडे. शिवाय पाण्यातले क्षार काढून टाकल्यावर चव आणि खनिजं परत यावीत म्हणून आत आणखी एक कार्ट्रिज आहे, ते क्षार पुन्हा घालतं. काढण्याचे पैसे वेगळे, घालण्याचे वेगळे. दर वर्षी एएमसीचा माणूस येतो, झाकण उघडतो, आतला काळा पडलेला फिल्टर आमच्यासमोर धरून मान हलवतो. गावाकडचे भटजी पत्रिका बघून अशीच मान हलवायचे. फरक इतकाच की भटजी शांत करतो म्हणायचे, हा बदलावं लागेल म्हणतो.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल फार लिहीत नाही. नवऱ्याचं रोज 10,000 पावलांचं व्रत आहे. या आकड्याचं मूळ कुठल्या उपनिषदात नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता, तिथून तो जगभर पसरला. रात्री 11 वाजता जेवणाच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालणारा पुरुष दिसला की समजावं, 800 पावलं राहिलीत. सासूबाई सोफ्यावर वाती वळत बसलेल्या असतात. त्यांचा लक्ष वातींचा संकल्प आहे. दोघंही आकडा पुटपुटतात. एकदा घड्याळ चार्जिंगला होतं आणि नवरा दुपारभर पर्वतीवर फिरून आला, तर घरी येऊन म्हणाला, "सगळं फुकट गेलं." पर्वतीच्या पायऱ्या चढून गेलेला माणूस फुकट गेलं म्हणतो, हे पेशव्यांनी ऐकायला नको होतं.

पूर्वी भक्त हाका मारायचा आणि देव धावत यायचा. आमच्या घरात हाका यंत्रं मारतात. वॉशिंग मशीन धुणं झालं की गाणं म्हणतं आणि आपण उठेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणतं. मायक्रोवेव्ह टिटवीसारखा कोकलतो. फ्रिजचं दार किलकिलं राहिलं की तो कण्हतो. सगळ्यात लाडोबा घर झाडणारा रोबो. तो सुरू करायच्या आधी खुर्च्या टेबलावर चढवायच्या, चपला उचलायच्या, वायरी गुंडाळायच्या, गालिचाची झालर आत दुमडायची, मुलांची खेळणी असतील तर तीही वेचायची. इतकं केल्यावर झाडायला उरतं ते मी दोन मिनिटांत झाडलं असतं. मग तो निघतो आणि थेट देवघराच्या चौरंगाखाली जाऊन अडकतो. तिथून इंग्रजीत मदत मागतो. सासूबाई जपात असतात, त्या डोळे न उघडता म्हणतात, "सूनबाई, तुझा तो परत आलाय दर्शनाला."

आता कुणी म्हणेल, देव तरी दर वेळी कुठे धावतो? खरंय. पण गजेंद्राचं बघा. मगरीनं पाय धरला, त्यानं सोंडेत कमळ धरून एकदा हाक मारली आणि विष्णू गरुडाचीही वाट न बघता धावला. हाच फोन त्यानं कस्टमर केअरला केला असता तर? आधी भाषा निवडा; मराठीचं बटण असेलच याची खात्री नाही. मग रजिस्टर्ड मोबाइल नंबर. मग तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि त्यामागे बासरी. अखेर बाई येणार आणि विचारणार, "सर, प्रॉडक्ट पाण्यात किती वेळ आहे?" पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मगरीचा उल्लेख कार्डावर नाही, पण उंदरांनी कुरतडलेली वायर वॉरंटीत धरत नाहीत, त्यावरून मगरीचा अंदाज करावा. त्या कार्डाच्या मागे बारीक अक्षरात भूकंप, पूर, वीज पडणे आणि इतर दैवी आपत्ती अशी ओळ असते. आधुनिक कागदपत्रांत देवाचं अस्तित्व मान्य केलेली ही माझ्या माहितीतली एकमेव जागा, आणि तीही संशयित म्हणून.

आमची नणंद मुंबईला असते. तिचा या बाबतीतला धर्म अगदी निराळा. "आमच्याकडे लाइट जात नाही," हे वाक्य ती ज्या सुरात म्हणते त्या सुरात आमच्या आजी 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' म्हणायच्या. तिच्या घरी इन्व्हर्टर नाही, मेणबत्ती नाही, काडेपेटीसुद्धा नाही, कारण गॅस पाइपाचा आणि शेगडी आपोआप पेटणारी. तिची श्रद्धा अगदीच निराधार होती असं नाही. बाहेरच्या ग्रिडमध्ये गडबड झाली की मुंबईनं स्वतःला कापून घ्यायचं आणि शहरातल्या शहरात वीज चालू ठेवायची, अशी आयलँडिंगची व्यवस्था तिथे 1980 च्या दशकापासून आहे. लोकांनी ती कधी पाहिलेली नाही, पण ती आहे आणि ती तारते, एवढं त्यांना पुरतं. श्रद्धा याहून वेगळी काय असते?

12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळचे 10. कोविडचे दिवस, सगळं शहर घरातून काम करतंय, पोरं मोबाइलवर शाळेत. आणि मुंबईची वीज गेली. आयलँडिंगही कामी आलं नाही. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. काही भागांत वीज दुपारी आली, काहींना रात्र झाली. नणंदेचा फोन आला तेव्हा तिची बॅटरी शेवटच्या आचक्यावर होती. "वहिनी, लाइट गेल्यावर करतात काय?" तिनं विचारलं. आम्ही पुणेकर, दर गुरुवारचे सरावलेले. तरी मला उत्तर सुचायच्या आत तिचा फोन बंद पडला. नंतर कळलं की तिनं दुपारी शेजारणीचं दार वाजवलं. इतकी वर्षं समोर राहून पहिल्यांदाच. शेजारीण सोलापूरची निघाली, तिच्याकडे मेणबत्त्यांचं अख्खं पाकीट होतं.

अशा तारखा मी जमवते, कुणी एकादश्या जमवतात तशा. 4 ऑक्टोबर 2021, ऐन पितृपक्ष, व्हॉट्सॲप-फेसबुक काही तास बंद. ती चालवणाऱ्या कंपनीच्या लोकांना स्वतःच्याच ऑफिसांची दारं उघडेनात, कारण दारांची ओळखपत्रंही त्याच जाळ्यावर. आणि 19 जुलै 2024. संगणकांना राखणाऱ्या क्राउडस्ट्राइक नावाच्या सॉफ्टवेअरनं एक दुरुस्ती पाठवली आणि जगभरचे जवळपास 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. चोरानं काही केलं नव्हतं, राखणदारानंच डोक्यावर हात ठेवला होता. भस्मासुराची गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगतात, पण इतकी रंगवायची कुणाची छाती झाली नसती. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून देत होते. लाखो रुपयांची यंत्रं ओळीनं मख्ख उभी आणि काउंटरवरची मुलगी विचारतेय, "पेन आहे का कुणाकडे?"

आमच्या सोसायटीचा प्रलय इतका जागतिक नव्हता. पावसाळ्यात रात्री कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला, इतकंच. मोठा आवाज झाला, आणि सगळे निर्धास्त राहिले, कारण आमच्याकडे जनरेटर आहे. हिरव्या पेटीतला, दर दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेणारा. सेक्रेटरी छत्री घेऊन खाली गेले, बटण दाबलं. काही नाही. जनरेटर सुरू करायला एक बॅटरी लागते, तो वरचेवर चालवला नाही तर ती उतरते, आणि आमची उतरली होती. हार घातला होता, चालवला नव्हता.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये अडकली. आत तिसऱ्या विंगचे दोन ज्येष्ठ सभासद आणि एक पार्सलवाला पोरगा होता. आतल्या पाटीवर लिहिलंय : 8 व्यक्ती, 544 किलो. म्हणजे माणशी 68. हा हिशोब करणाऱ्यानं आमची जेवणावळ पाहिलेली नाही, पण त्या दिवशी वजनाचा प्रश्न नव्हता. पाटीशेजारी अक्कलकोटच्या स्वामींचा स्टिकर आहे, तो धीर देणारा. त्याखाली आणीबाणीचं बटण, ते दाबलं की गेटवरच्या केबिनमध्ये घंटा वाजते. वीज असेल तर. मोबाइलला आत रेंज नसते. सारांश, सगळे दैवी आणि यांत्रिक उपाय संपले तेव्हा त्या दोघांनी दारावर थापा मारल्या.

वॉचमनमामा चाव्यांचा जुडगा घेऊन जिना चढून आले. दार उघडलं, आधी पार्सलवाल्याला उतरवून घेतलं, मग त्याच्या खांद्यावर पाय देऊन ज्येष्ठांना. सभासदांना धक्का बसला होता, त्यामुळे आभार वगैरे राहून गेले. सकाळी वरच्या टाक्या कोरड्या. मामांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण काढलं, दोराला बादली बांधली आणि ज्यांना जिना उतरवत नाही अशा घरांना पाणी पोचवायला सुरुवात केली. सोबत त्यांची बायको. सातव्या मजल्यापर्यंत. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर 'काही अपडेट?' असे मेसेज येत होते, ज्यांचा फोन जिवंत होता त्यांचे. आमचा इन्व्हर्टर मध्यरात्रीच मावळला होता; शेवटी राउटर गेला, पंख्यांच्याही नंतर.

पैठणला अजूनही नाथषष्ठीच्या सुमारास नाथांच्या वाड्यातला रांजण भरतात आणि श्रीखंड्याची आठवण काढतात. 12 वर्षं पाणी भरणारा हा गडी कोण, ते नाथांना तो निघून गेल्यावर कळलं. आमच्या वॉचमनना सगळे मामा म्हणतात. खरं नाव काय, ते एजन्सीच्या रजिस्टरात असेल. सासूबाईंनी त्यांना आत बोलावून चहा दिला, गाव विचारलं. मामा बादली दाराबाहेर ठेवून उंबऱ्यातच उकिडवे बसले आणि मराठवाड्यातलं कुठलंसं नाव सांगून म्हणाले, "तिथं पाण्याचं काही कौतुक न्हाई, लांबून आणायची सवयच हाय."

पुढच्या महिन्यात पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर पहिला विषय मोठा जनरेटर, स्वतःहून सुरू होणारा. त्याच्या एएमसीसह खर्च दहा मिनिटांत एकमतानं मंजूर. दुसरा विषय गेटवर आपोआप उठणारा अडसर आणि चेहरा ओळखणारे कॅमेरे. बसवले की रात्रपाळीचा एक माणूस कमी करता येईल, असं खजिनदारांनी आकडेवारीनिशी दाखवलं. कुणीतरी म्हणालं, "मामा चांगलेच आहेत हो, पण शेवटी माणसावर किती अवलंबून राहणार? सिस्टिम पाहिजे." लिफ्टमधून उतरवले गेलेले दोन्ही ज्येष्ठ पहिल्या रांगेत होते, त्यांनी मान डोलावली. तिसरा विषय मामांची पगारवाढ.

पण त्याआधी मुहूर्त टळायला नको म्हणून नव्या जनरेटरच्या जागेचं पूजन उरकून घ्यायचं ठरलं. हळदकुंकू झालं, फुलं झाली. नारळ फोडायची वेळ आली. अध्यक्षांनी दोनदा आपटला, खजिनदारांनी एकदा. फरशीला टवका गेला, नारळ शाबूत. कुणीतरी यूट्यूबवर शोधायला लागलं. मग सेक्रेटरींनी गेटकडे तोंड करून हाक मारली, "मामाऽऽ!"

मामा पळत आले. एका फटक्यात दोन सारखी भकलं. पाणी चौथऱ्यावर शिंपडलं, खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले, करवंट्या उचलून नेल्या. खोबरं खाता खाता साडेनऊ वाजले, आणि तिसरा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.